देवमाशाला भाषा, कोरकूला बोली

देवमाशांना मुळाक्षरं असल्याची बातमी मे २०२४ मध्ये आली, तेव्हा आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या मंडळींना जो गहिवर आला तो पाहण्यासारखा होता. डॉमिनिका बेटाजवळच्या समुद्रात संशोधकांनी स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशांच्या टकटकाटाचे हजारो नमुने तपासले, त्यांतले ताल आणि त्यांच्या गती यांची वर्गवारी केली आणि तिला 'ध्वनींची मुळाक्षरं' असं भारदस्त नाव दिलं. या अक्षरांतून देवमासा देवमाशाला नेमकं काय सांगतो, ते मात्र अजून कुणालाच उलगडलेलं नाही. पण मूळ निबंध वाचतो कोण? व्हॉट्सॲपच्या गल्लीबोळांतून बातमी फिरली आणि चार दिवसांत देवमासा बाराखडी गिरवून, ऱ्हस्वदीर्घ सांभाळून, बहुधा दिवाळी अंकासाठी लिहायलाही बसला.

ज्या गटात हा गहिवर दाटला होता, त्यातलेच एक गृहस्थ पुढे हिवाळ्यात चिखलदऱ्याला जाऊन आले. धुकं, कॉफी, खोलीचं भाडं असं सगळं सांगून झाल्यावर ते तिथल्या कोरकू माणसांवर आले. "त्यांना भाषाबिषा काही नाही हो. आपसांत काहीतरी चिवचिव करतात. बोली आहे कसलीतरी."

माशाला भाषा आणि माणसाला चिवचिव. या वाटपाबद्दल मला बोलायचं आहे, आणि गोड बोलण्याची माझी इच्छा नाही.

दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच आळस आहे. कानाला ओळखीचं वाटलं ते आपलं, वाटलं नाही तो गोंगाट. भाषा कशाला म्हणावं आणि भाषांची नाती कशी ठरतात, या दोन प्रश्नांवर गेली दोनशे वर्षं माणसांनी डोळे फोडून घेतले आहेत. आपल्या दिवाणखान्यांत त्याचा वाराही शिरलेला नाही.

प्राण्यांशी माझं वैर नाही. ताडोबात ज्यानं पहाटेची जिप्सी पकडली आहे त्याला ठाऊक असतं, की चांगला गाइड डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवतो. चितळ ओरडलं की तो म्हणतो, 'कॉल झाला'. सांबर ओरडलं तर गाडीच वळते, कारण सांबर उगाच तोंड उघडत नाही अशी जंगलात त्याची पत आहे. ही देवाणघेवाण खरी आहे आणि जीव वाचवणारी आहे. केनियातल्या अंबोसेलीत सेफार्थ, चेनी आणि मार्लर यांनी १९८० साली दाखवून दिलं की तिथली व्हर्वेट माकडं बिबट्यासाठी एक हाक देतात, गरुडासाठी दुसरी, सापासाठी तिसरी. नुसती ध्वनिमुद्रित हाक ऐकवली तरी बिबट्याच्या हाकेला ती झाडावर चढतात, गरुडाच्या हाकेला आभाळाकडे बघतात आणि सापाच्या हाकेला मागच्या पायांवर उभं राहून गवतात डोकावतात.

पण कालचा बिबट्या? कालच्या बिबट्याबद्दल आज कुठलंही माकड बोलत नाही. 'परवा तळ्यावर जो लंगडत आला होता तो हाच का?' हे वाक्य त्याच्या जगात तयारच होत नाही. 'बिबट्या बिबट्या काही नाही, पोरं उगाच ओरडताहेत' हेही नाही. मधमाशी या बाबतीत माकडाच्या पुढे आहे. कार्ल फॉन फ्रिशनं तिचं नृत्य उलगडलं आणि १९७३ चं नोबेल मिळवलं. पोळ्याच्या उभ्या भिंतीवर ती नाचते. तिच्या धावेचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे सूर्यापासून फुलांच्या दिशेचा कोन, आणि धाव जितकी लांबते तितकी फुलं दूर. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल ती सांगते, ही सामान्य गोष्ट नाही. पण फ्रिशनं एकदा खाद्य रेडिओच्या उंच मनोऱ्यावर ठेवलं. वरून आलेल्या माश्या नाचल्या, बाकीच्या बाहेर पडल्या आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी चहूकडे शोधत राहिल्या. 'वर' हे सांगायची सोय त्या नृत्यात नाही आणि आजपर्यंत एकाही माशीनं ती सोय करून घेतलेली नाही. राणीबद्दल एक अवाक्षर नाही, शेजारच्या पोळ्याची निंदा नाही, गेल्या वर्षीच्या बहराची आठवण नाही.

माणसाच्या भाषेचं कसब वेगळंच आहे. क, म, ळ या ध्वनींना स्वतःचा काही अर्थ नसतो. त्यांतून कळ, मळ, कमळ निघतात. शब्दांतून वाक्य निघतं आणि वाक्यात दुसरं वाक्य बसतं. 'मी आलो नसतो तर बरं झालं असतं असं तिला वाटलं असेल असं तुला का वाटतं?' हे वाक्य आपण नाक्यावर उभं राहून, तोंडात शेंगदाणे असताना बोलतो. न घडलेली गोष्ट, ती घडली नसल्याबद्दलची दुसऱ्याची भावना आणि त्या भावनेबद्दलचा तिसऱ्याचा संशय, एका दमात. जपानी टिट पक्षी दोन हाका ठरावीक क्रमानं जोडतात हे २०१६ मध्ये दिसलं, बोनोबो वानरंही हाका जोडून अर्थ बांधतात असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. चांगली गोष्ट आहे. त्या संशोधकांनी शब्द जपून वापरले होते. मथळे लिहिणाऱ्यांना जपून वापरण्याचे पैसे मिळत नाहीत.

आता वानरांना भाषा शिकवण्याचा तमाशा. त्याची नांदी घोड्यानं केली. बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या मास्तरांचा हान्स हा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर प्फुंग्स्टनं १९०७ साली दाखवलं, की घोडा गणित करत नसून विचारणाऱ्याचं डोकं बघतो; उत्तर आलं की माणसाच्या मानेत जो सूक्ष्म ताण बदलतो तो टिपून थांबतो. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसेल तर घोडाही नापास. मराठी माणसाला हे कळायला प्फुंग्स्टची गरज नव्हती. दारात आलेल्या नंदीबैलाची मान कुणामुळे डोलते हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं.

तरीही १९६६ साली नेव्हाडात गार्डनर दांपत्यानं वॉशू नावाच्या चिंपांझीणीला अमेरिकी सांकेतिक भाषा शिकवायला घेतली आणि तिला शंभरावर खुणा येतात असं जाहीर झालं. त्या चमूत जन्मापासून सांकेतिक भाषा बोलणारा एकच बहिरा माणूस होता. त्यानं नंतर सांगितलं, की ऐकू येणाऱ्या सहकाऱ्यांच्या वह्यांत खुणांच्या लांबलचक याद्या असायच्या आणि त्याला मात्र त्यांतल्या थोड्याच दिसायच्या. वॉशूनं कुठेही खाजवलं की इतरांना शब्द दिसे. ज्याची ती भाषा होती त्याची साक्ष तळटीपेत गेली. मग कोलंबिया विद्यापीठात हर्बर्ट टेरेसनं निम चिंपस्की वाढवला. नाव भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कीला चिमटा म्हणून. टेरेस स्वतः या प्रकल्पाचा भक्त होता, पण चित्रफिती पुन्हा पुन्हा बघितल्यावर त्याला दिसलं, की निम शिक्षकाचीच खूण परत करतो आणि खाऊ मिळेपर्यंत हात हलवत राहतो. १९७९ साली त्यानं तसं छापलं. निमची सगळ्यात लांब 'उक्ती' सोळा खुणांची होती आणि त्या सोळांत दे, संत्रं, मला, खा आणि तू यांच्या उलथापालथीपलीकडे काही नव्हतं. दोन वर्षांचं मूल संत्रं मागतं, मिळालं की आंबट आहे म्हणतं, आणि मग बिया का असतात म्हणून डोकं खातं.

या तमाशात मला खरी चीड येते ती वेगळ्या गोष्टीची. १८८० साली मिलानमध्ये बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि शाळांतून हातांच्या भाषेला हद्दपार करण्याचा ठराव झाला. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. पुढची कित्येक दशकं बहिऱ्या मुलांनी खुणा केल्या तर हातांवर छड्या बसत, काही ठिकाणी हात बांधले जात. का, तर खुणा म्हणजे माकडचेष्टा, माणसानं तोंडानं बोलावं. विल्यम स्टोकीनं १९६० साली पहिल्यांदा पद्धतशीर मांडलं की अमेरिकी सांकेतिक भाषेला स्वतःची घडण आहे, ती पूर्ण भाषा आहे. त्यानंतर सहाच वर्षांत तीच भाषा चिंपांझीला शिकवण्यासाठी पैसा उभा राहिला. बहिऱ्या मुलाच्या हातातली भाषा माकडचेष्टा ठरवणाऱ्या जगाला माकडाच्या हातातली चेष्टा भाषा वाटली!

आणि भाषा खरोखर कशी जन्मते हे बघायचंच असेल तर निकाराग्वा बघा. तिथं १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत बहिऱ्यांचा म्हणावा असा समाजच नव्हता. बहिरं मूल आपापल्या घरात, घरापुरत्या चार खुणा करत वाढायचं. १९७७ मध्ये मानाग्वात विशेष शाळा निघाली आणि १९७९ च्या क्रांतीनंतर तिथली मुलं भराभर वाढली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश उच्चारायला शिकवत होते, फारसं यश न मिळता. पण मधल्या सुट्टीत आणि शाळेच्या बसमध्ये मुलं एकमेकांशी हातांनी बोलायला लागली. शिक्षकांना तो नुसता हातवाऱ्यांचा गोंधळ वाटला. १९८६ मध्ये ज्युडी केगल या अमेरिकी भाषावैज्ञानिक बाईंना बोलावलं आणि मग लक्षात आलं, की गोंधळ शिक्षकांच्या डोक्यात आहे. मुलांच्या हातांत व्याकरण आहे. नंतरच्या तुकड्यांत आलेल्या लहानग्यांनी थोरल्यांच्या खुणांना घाट दिला होता. एखादी वस्तू गडगडत उतारावरून खाली गेली, हे थोरली मुलं एकाच गोल फिरत्या उतरत्या हावभावात दाखवत. धाकट्यांनी त्याचे दोन तुकडे केले, 'गडगडणं' वेगळं, 'उतरणं' वेगळं, आणि मग ते जोडले. ॲन सेन्घस आणि सहकाऱ्यांनी हे २००४ साली मोजून मांडलं. चित्राचे तुकडे करून त्यांतून वाक्य बांधायचं, ही करामत त्या पोरांना कुणी शिकवली नव्हती. संत्र्याचं आमिषही नव्हतं.

आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालं २०१५ साली, आणि तिचा पहिला सरकारी शब्दकोश आला २०१८ साली, तीन हजार शब्दांचा. उशिरा का होईना, आला म्हणायचं आणि पुढे जायचं.

दुसऱ्याचं बोलणं जनावरात जमा करण्याची ही खोड जुनी आहे. हेरोडोटसनं सहारातल्या एका जमातीबद्दल लिहून ठेवलं, की त्यांचं बोलणं वटवाघळांच्या चीत्कारासारखं आहे. ग्रीकांनी परक्यांना 'बार्बर' म्हटलं, आपण म्लेंच्छ म्हटलं; दोन्हींचा मूळ रोख धड न बोलणाऱ्यावर. शतपथ ब्राह्मणात असुरांच्या पराभवाची कथा आहे. 'हे अरयः' म्हणायच्या जागी ते 'हेलवः' असं काहीसं म्हणाले आणि हरले. पतंजलींनी व्याकरण का शिकावं हे सांगताना हीच कथा पुढे केली. यातला विनोद असा की र चा ल करणं हा काही असुरांचा तोतरेपणा नव्हता, ती पूर्वेकडच्या प्राकृताची नियमित रीत होती. अशोकाच्या धौलीच्या शिलालेखात 'राजा' नाही, 'लाजा' आहे. ज्या उच्चारामुळे असुर हरले म्हणून व्याकरणाच्या वर्गात सांगत होते, त्याच उच्चारात तो बादशहा खडकावर आज्ञा कोरून घेत होता आणि जवळजवळ सगळा देश त्याच्या हाताखाली होता. पतंजलींना 'गौः' एवढाच शब्द शुद्ध. गावी, गोणी, गोता हे अपभ्रंश. आज तुमच्याआमच्या गोठ्यात उभी आहे ती गाय त्या अपभ्रष्ट घराण्यातली.

पतंजलींना निदान व्याकरण येत होतं. त्यांचे आजचे स्वयंघोषित वारस शब्दांच्या नुसत्या आवाजावरून वंशावळी रचतात. पु. ना. ओक यांनी व्हॅटिकनची वाटिका केली, ख्रिश्चॅनिटीची कृष्णनीती केली आणि ताजमहालाचं तेजोमहालय करून थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २००० साली तिथून रिकाम्या हातानं परतले. मराठीत 'बादरायण संबंध' हा वाक्प्रचार आधीच होता, ओकांनी त्याचं शास्त्र केलं. त्यांची पुस्तकं अजून खपतात. त्याच जातकुळीचा दुसरा अमर फॉरवर्ड म्हणजे नासानं संस्कृतला संगणकासाठी सर्वश्रेष्ठ भाषा ठरवलं. मूळ काय? नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज नावाच्या एका संशोधकानं १९८५ साली एका नियतकालिकात लेख लिहिला, की संस्कृत वैयाकरणांची वाक्यविश्लेषणाची रीत संगणकात ज्ञान मांडायला उपयोगी पडेल. एका माणसाचा एक विचार करण्याजोगा लेख. त्याची नासा झाली, नासाची अमेरिका झाली, आणि आता संस्कृतमधून रॉकेट उडवायचं तेवढं राहिलं आहे. समोरच्या छावणीतही आनंदच आहे. तिथं मराठी थेट तमिळमधून काढणारे आहेत, मराठी संस्कृतच्या आधीची असं सांगणारे आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर वय वाढवण्याची अशी चढाओढ लागली आहे की लवकरच वेरूळचा खडक मराठीचा नातू ठरेल.

शब्द सारखे ऐकू येणं हा नात्याचा पुरावा नाही, हे एकदा तरी नीट ऐकून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये म्बाबरम नावाची भाषा होती. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या भाषावैज्ञानिकानं तिच्या अखेरच्या जाणकारांपैकी एकाला कुत्र्याला काय म्हणता असं विचारलं, तर उत्तर आलं, 'डॉग'. इंग्रजांकडून घेतलेला शब्द नव्हता तो. शेजारच्या भाषांतल्या वेगळ्याच दिसणाऱ्या शब्दाशी त्याचं नातं होतं आणि ध्वनिबदलांतून तो तिथं पोचला होता. 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचाही परस्परांशी काडीचा संबंध नाही. उलट आपलं 'चाक' आणि इंग्रजांचं 'व्हील' एकाच आजोबांची नातवंडं आहेत, आणि त्यांचे चेहरे बिलकुल जुळत नाहीत.

मग हे कळतं कशावरून? नियमितपणावरून. जिथं संस्कृत-लॅटिनमध्ये प, तिथं इंग्रजीत फ. जिथं त, तिथं थ. पाद आणि फूट, पितृ आणि फादर, त्रि आणि थ्री. एका जोडीत नाही, रांगेनं, आणि अपवाद असला तर त्यालाही कारण. सर विल्यम जोन्सनं २ फेब्रुवारी १७८६ ला कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मूळ भाषेच्या लेकी असाव्यात असं सुचवलं, आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरली नसेल असंही म्हटलं. आपण त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि बहिणीला आई करून टाकलं. याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये ध्वनिबदलांचे ते नियम मांडले. द्राविडी भाषांचं कूळ वेगळं आहे हे फ्रान्सिस एलिसनं १८१६ मध्येच दाखवलं होतं, काल्डवेलचा ग्रंथ १८५६ चा. ही सगळी पुस्तकं दीड-दोनशे वर्षांची आहेत. गुप्त नाहीत.

आणि ही पद्धत नुसती जुळवाजुळव नाही, ती भाकीत करते. फर्दिनां द सोस्यूर एकवीस वर्षांचा असताना, १८७८ च्या अखेरीस, त्यानं नुसत्या स्वरांच्या हिशेबावरून सांगितलं की त्या मूळ भाषेत काही ध्वनी असले पाहिजेत जे तोवर माहीत असलेल्या कुठल्याच लेकीत उरलेले नाहीत. लोकांनी दुर्लक्ष केलं. पुढे तुर्कस्तानात बोगाझकॉयच्या उत्खननात मातीच्या विटा निघाल्या, १९१५ मध्ये ह्रोझनीनं त्यांवरची हित्ती भाषा लावली, आणि १९२७ मध्ये कुरिलोविचनं बोट ठेवून दाखवलं, की सोस्यूरनं सांगितलेल्या जागी हित्तीत व्यंजन लिहिलेलं आहे. सोस्यूर १९१३ मध्येच गेला होता. याला पुरावा म्हणतात. वाटिकेला नाही.

गंमत म्हणजे अभिमानच हवा असेल तर तोही त्याच विटांत आहे. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या, पश्चिम आशियातल्या मितान्नी राज्याच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत. किक्कुली नावाच्या मितान्नीच्या अश्वशिक्षकानं घोड्यांच्या तालमीवर जे लिहिलं त्यात फेऱ्या मोजायचे शब्द आहेत: ऐक, तेर, पंज, सत्त, न. इराणी शाखेत एकाला 'ऐव' म्हणत. इथं 'ऐक' आहे, म्हणजे भारतीय शाखा. हे व्हॉट्सॲपवर फिरत नाही. यात ताजमहाल नाही ना.

आता कोरकूकडे येतो. 'कोरकू बोली' असं आपल्या सरकारी कागदांत सर्रास असतं. बोली कुणाची? बोली कुठल्यातरी भाषेची असावी लागते. मराठीची म्हणाल तर कोरकूचं मराठीशी जन्माचं नातंच नाही. ती मुंडा गटातली, ऑस्ट्रोआशियाई कुळातली. तिच्या बहिणी संथाली आणि मुंडारी, लांबच्या चुलत बहिणी कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी. चारला कोरकूत 'उफुन', संथालीत 'पोन', ख्मेरमध्ये 'बुओन', व्हिएतनामीत 'बोन'. एवढ्यावर नातं ठरत नाही हे मी वर सांगूनच ठेवलं आहे; ते अशा रांगाच्या रांगा लावून ठरलं. म्हणजे परिस्थिती अशी, की धारणीच्या बाजारात शेजारी बसलेल्या मराठी आणि कोरकू दुकानदारांपैकी मराठी माणसाची भाषा आइसलँडच्या कोळ्याच्या भाषेची नातलग आहे, शेजाऱ्याच्या भाषेची नाही.

त्याहून मोठं नवल बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला आहे. निहाली. बोलणारी माणसं दोन-अडीच हजार, आणि ही भाषा आजवर जगातल्या कुठल्याही कुळात बसलेली नाही. तिच्यात कोरकूचे शब्द आहेत, द्राविडी आहेत, मराठी-हिंदीचे आहेत. आकडेच बघा: एकला स्वतःचा शब्द, दोन-तीन-चार द्राविडी वळणाचे, पाचपासून पुढचे आपल्या बाजूचे. हे सगळे थर खरवडून काढले की तळाशी जो साठा उरतो त्याला कुणी भाऊबंद सापडत नाही. आर्य, द्रविड, मुंडा या साऱ्यांच्या आधी इथं कोण काय बोलत होतं, त्याचा कदाचित शेवटचा जिवंत तुकडा महाराष्ट्रात आहे. कायपर या डच पंडितानं १९६२ साली तिचा अभ्यास केला तेव्हा ही मुद्दाम बनवलेली चोरभाषा तर नसेल, अशी शंकाही त्यानं नोंदवली. त्याची निदान शंका होती आणि मागे वर्षांचा अभ्यास होता. आपल्याकडे पारध्याच्या भाषेला चोरांची भाषा म्हणायला अभ्यास लागत नाही.

शेजारानंही भाषा बदलतात, हे वंशावळवाल्यांना अजिबात सोसत नाही. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गंपर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. मराठी, कन्नड आणि उर्दू तिथं पिढ्यान्पिढ्या एका गावात नांदल्या आणि वाक्यांची घडण इतकी एक झाली, की एका भाषेच्या शब्दाच्या जागी दुसरीचा शब्द ठेवत गेलं तरी वाक्य उभं राहतं. कूळ वेगळं, सांगाडा एक. आपल्या प्रमाण मराठीतला 'आपण' आणि 'आम्ही' हा फरक, ऐकणाऱ्याला धरून की वगळून, तोही बहुतेक अभ्यासक द्राविडी शेजाराचं देणं मानतात. 'आम्ही मराठी' म्हणून छाती फुगवताना आपण निम्मं व्याकरण शेजाऱ्याचं वापरतो आहोत.

पण भाषा कोण आणि बोली कोण, याचा निकाल व्याकरणावर लागतच नाही, यादीवर लागतो. कोकणीला बोली बोली म्हणून मराठीतल्या भल्याभल्यांनी कंठशोष केला. साहित्य अकादमीनं १९७५ मध्ये मान्यता दिली, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, आणि कंठ आपोआप बसले. २०११ च्या जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ होते. संस्कृत अनुसूचीत आहे. गोंडी सांगणारे सुमारे ३० लाख, भिली सांगणारे एक कोटीवर, कोरकू सव्वासात लाखांच्या आसपास, तिघीही बाहेर. संस्कृतला काढा असं मी म्हणत नाही. रामटेकला १९९७ पासून संस्कृतचं विद्यापीठ आहे, ते असावंच. पण त्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवून दंडाची नोटीस धाडली आणि गावाला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्या पोरांना आपल्या भाषेत शिकवण्याचा गुन्हा.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की एवढ्या भाषांना शिक्षक आणायचे कुठून, पुस्तकं छापायची कुठल्या लिपीत. मानाग्वाच्या बसमधल्या पोरांनी असला प्रश्न विचारला नव्हता, पण ते राहू द्या. सोय करायची असेल तर जागा तयार आहे. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आता मराठी भाषेचं विद्यापीठ आहे. महानुभावांचं ते ठाणं. संस्कृतात ग्रंथ रचू पाहणाऱ्या केशवराज पंडितांना नागदेवाचार्यांनी रोखलं, कारण त्यानं पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ही आठवण मराठीच्या प्रत्येक समारंभात मोठ्या अभिमानानं सांगितली जाते. कोरकूंचा मेळघाटही त्याच अमरावती जिल्ह्यात आहे. रिद्धपूरच्या विद्यापीठात कोरकू आणि निहालीचा विभाग काढा, आणि त्या भाषा घरात बोलणाऱ्या माणसांना प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसवा, 'माहिती देणारे' म्हणून सतरंजीवर नको. मराठीच्या विद्यापीठात कोरकू कशाला, असं कुणी ना कुणी विचारेलच. त्यानं आधी केशवराजांना मिळालेलं उत्तर वाचून यावं आणि मग पदनिर्मितीच्या फायलीवर सही करावी.